पर्सनल माहिती

थोरल्या नातीचं लग्न झालं, त्याच वर्षी माझा भाचा नोकरी शोधायला परक्या शहरात गेला. तिथे नवा नंबर घेतला, खोली घेतली. पण नंबर आणि पत्ता सख्ख्या आईलाही दिला नाही.

"मामा, पर्सनल माहिती असते ती. आईला सांगितलं की गावभर होतं. मीच करत जाईन फोन."

"बरोबर आहे, साहेब," मी म्हणालो. "जन्म दिला म्हणून काय लगेच पत्ता द्यायचा?"

पुढे बहीण अंथरुणाला खिळली. दारात पाऊल वाजलं की विचारायची, "आला का रे तो?" साहेबांचा फोन महिनाभर नव्हता. कळवणार कुठे, कपाळ?

आज तिच्या मोबाइलवर कुठल्याशा नोकरीवाल्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. ऑनलाइन अर्जात साहेबांनी दुसरा नंबर म्हणून आईचा टाकला होता. मी कोण, हेही न विचारता ती घडाघडा वाचत सुटली. भाच्याचा नवा नंबर, गल्ली, मजला, घरमालकाचं नाव, बँकेचं खातं, रक्तगट.

"हे सगळं त्याने तुम्हाला सांगितलं?"

"आम्हाला कुठलं, काका? त्याने शंभर ठिकाणी भरलंय. आम्हाला यादी विकत मिळते. एवढं शेवटचं तपासून घेते. आई हयात, बरोबर ना?"

 

"नाही. त्याची आई मंगळवारी सकाळी गेली."