आवडीचा आकडा

तिसऱ्या दुकानातही हेरंबरावांच्या कपाळाला पट्टी लावली. हल्ली कानांवर विसंबून कुणी स्पीकर विकत नसे. गाणं किती आवडलं ते थेट मेंदूतून मोजलं जाई.

"दोन्ही स्पीकरांना बेचाळीसच," दुकानातली मुलगी म्हणाली.

"छे! दुसरा जास्त गोड वाजतो. मला ऐकू येतंय ना!"

"आकड्यात येत नाही, काका."

दिवसभराच्या पायपिटीने थकलेल्या त्यांच्या पत्नी, कुसुमताई, त्यांच्याशेजारी टेकल्या. आकडा एकाहत्तरवर गेला.

"काकू, जरा बाहेर थांबता? मापात गडबड होतेय."

कुसुमताई गुडघे धरून उठू लागल्या. हेरंबरावांनी त्यांना हाताला धरून पुन्हा बसवलं आणि कपाळावरची पट्टी काढली.

"कुठलाही द्या," ते दमल्या आवाजात म्हणाले. "आम्ही दोघं मिळून ऐकणार आहोत."