हात वर

"सर, महिन्यातून एकदा अख्खं हॉस्टेल घरी जातं, मग आम्हा बारावीच्या मुलींनाच का सोडत नाही?"

पैज मैत्रिणींनी लावली होती, पण विचारायची हिंमत माझी! जेवणघरातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मुख्याध्यापक मात्र चमचा ठेवून चक्क हसले.

"अगं, मी तर आत्ता सोडेन. पण दर पालकसभेत मी हात वर करायला सांगतो, आणि 'मुलींना सोडू नका, अभ्यास बुडतो' म्हणणारेच जास्त निघतात. तुझे आईबाबा तर पहिल्या रांगेत असतात. सगळ्यात आधी त्यांचेच हात वर!"

दर सभेनंतर बाहेरच्या बाकावर माझा हात हातात घेऊन बाबा सांगायचे, "खूप भांडलो गं बबडे, पण तुझे सर ऐकतच नाहीत." आई डोळे पुसायची. आणि मी वेडी, उलट तिचीच समजूत काढायचे!

रविवारी दोघंही फोनवर होते. "मोठ्या सुट्टीत न्यायला कधी येऊ, बबडे?"

"येऊ नका, बाबा. मी इथेच राहून जादा तासांना बसणारेय. खूप भांडले हो मी, पण सर ऐकतच नाहीत."