केक कशाचा?

आमचा कोड जोडून तपासणारा सर्व्हर इतका रेंगाळायचा, की जेवून, कॉफी पिऊन आलं तरी निकाल लागलेला नसायचा. प्रत्येक वेळी तो वर्षानुवर्षांचे जुने निकाल उपसत बसतो, हे मी शोधून काढलं आणि शनिवार-रविवार ऑफिसात बसून तो ढिगारा साफ केला. सोबतीला ओग्नेन होता. म्हणजे शेजारच्या खुर्चीत सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.

"सेन्का, आता सगळ्यांना काय खिलवणार?" निघताना त्यानेच विचारलं. आमच्या सर्बियात आनंद ज्याचा, खाऊ त्यानेच आणायचा.

सोमवारी मी चेरीचा केक घेऊन पोचले, तर टेबलावर गरमागरम बुरेकचं, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पाईचं, अख्खं तबक. सगळ्यांचे हात तुपकट, आणि जो तो त्याच हातांनी ओग्नेनची पाठ थोपटतोय.

"ये गं!" आमच्या प्रमुख रादमिला मॅडम म्हणाल्या. "बघ, या पठ्ठ्याने सर्व्हर कसा सुसाट केलाय! कालच फोन करून सांगितलं त्याने मला."

ओग्नेनने माझ्याकडे न बघता एक तुकडा पुढे केला. "घे ना. तूही होतीस की सोबतीला."

"आणि तुझा केक कशाचा गं?" मॅडमनी विचारलं.

मी डबा उघडून त्याच्या तबकाशेजारी ठेवला.

"निरोपाचा. मी नोकरी सोडतेय. सर्व्हर परत रेंगाळला, तर ओग्नेन आहेच की."