खोकल्याची जागा

"पुन्हा लावता का, काका?" शिंपीणबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

घड्याळजी बुचकळ्यात पडले. त्यांच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी ते, शिंपीणबाई आणि एक बस ड्रायव्हर असे तिघं आवडीचं संगीत ऐकायला जमत. हे व्हायोलिनच्या मैफलीचं रेकॉर्डिंग त्यांनी तीस वर्षांपूर्वी रेडिओवरून टेपवर उतरवलेलं. दुसरीकडे कुठेच मिळत नसे. व्हायोलिन हळू होत होत थांबतं, आणि नेमका तिथेच श्रोत्यांतला कुणीतरी खोकतो. तीस वर्षं घड्याळजींनी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली होती. या महिन्यात कॉम्प्युटरपुढे बसून, घड्याळातला कण चिमट्याने उचलावा तसा तो खोकला त्यांनी काढून टाकला. आता तिथे निखळ शांतता होती. आणि ही बाई कौतुक करायचं सोडून गोंधळल्यासारखी टेबलाकडे बघत होती.

"काका, तुमच्याकडे खोकला म्हणजे पाप," बस ड्रायव्हर म्हणाला. "आमच्या रॉकच्या कार्यक्रमाला मैदानात चाळीस हजार लोक बोंबलत होते. त्या कार्यक्रमाची टेप लावली की बायकोला सांगतो, ही शिट्टी माझी. ती म्हणते, घरात वेगळं काय करता?"

शिंपीणबाई हसल्या नाहीत.

"माझे बाबापण असंच सांगायचे. व्हायोलिन थांबल्यावर जो खोकतो, तो मी. बाबांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. ती मैफल तुमच्याकडे आहे असं कळलं, म्हणून तर मी इथे यायला लागले. पण ते गेले कुठे, काका? मला काही कळेनासं झालंय."

"जुनी टेप असेल ना?" ड्रायव्हरने विचारलं.

"भंगारात दिली. कॉम्प्युटरवरही आता हीच एक प्रत आहे," घड्याळजी कसेबसे म्हणाले.

मग घड्याळजी उठले. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं आणि डोळे मिटून उभे राहिले. व्हायोलिन हळू झालं. थांबलं.

घड्याळजी खोकले. आधी एक कोरडा खोकला. मग आवंढा गिळावा इतकी उसंत. मग दुसरा, दाबलेला, ओशाळल्यासारखा. तीस वर्षांत त्यातली एक खाचही ते विसरले नव्हते.

"तो दुसरा रुमालातला," शिंपीणबाई हळूच म्हणाल्या. "रुमाल मी शिवला होता. माझं पहिलं काम."