परीचे पंख

किमचीच्या कोरियन लोणच्यासाठी कोबीला तिखट चोळत सासूबाई आणि आम्ही दोघं मालिका बघत होतो. नवऱ्याने लपवलेले पंख हाती लागले आणि मालिकेतली परी संसार सोडून उडून गेली.

"दगाबाज बाई," माझा नवरा दोंगसू चिडला. "काय कमी केलं होतं त्याने?"

"आणि पंख चोरले ते?" मी म्हणाले.

"प्रेमापोटी लपवले. तुम्हा व्हिएतनामच्या पोरींना नाही कळायचं."

परसातल्या रिकाम्या बरण्या सकाळी धुतल्यापासून सासूबाई गप्पच होत्या. त्यांनी हात पुसले, एप्रनच्या खिशातून माझा लग्नानंतर 'हरवलेला' पासपोर्ट काढला, माझ्या हातात ठेवला आणि मुलाकडे वळल्या.



"हा बरणीत लपवलास, तोही प्रेमापोटीच का रे?"