उरलेली अर्धी

टक्! सुरीखाली गोळीचे दोन तुकडे व्हायचे आणि सकाळची शांतता मोडायची. शेजारी गृहपाठ करत बसलेली लेक दचकून हसायची. महिनाभर हेच चाललं होतं.

पाठीच्या ऑपरेशननंतर नवऱ्याला दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांचं व्यसन लागलं होतं. डॉक्टर मला म्हणाले होते, "बाहेरून आयतं मिळालं, की शरीर वेदना शमवणारं स्वतःचं रसायन बनवणं सोडून देतं. गोळी एकदम बंद करू नका. रोज अर्धी द्या आणि डबा तुमच्या कुलपात ठेवा."

त्याचे फार हाल झाले. सारख्या जांभया, नाकाला धार, उकाड्यातही अंगावर काटा. "जेलरबाई, आज तरी अख्खी द्या," म्हणत हात जोडायचा. मी बधले नाही.

परवा तोच म्हणाला, "आता अर्धीही नको. सुटलो बघ!" सासूबाईंनी डबा दवाखान्यात परत केला आणि मला जवळ घेतलं. "पोरी, तू खंबीर राहिलीस, म्हणून माझा मुलगा मला परत मिळाला."

आज घरात सगळे खुशीत आहेत. मी भर उन्हाळ्यात बाह्या मनगटापर्यंत ओढून, नाक पुसत, जांभई दाबत भांडी घासतेय. लेकीने वहीतून मान वर केली.



"आई, बाबांना तू अर्धीच द्यायचीस ना? आणि रोज नवी गोळी तोडायचीस. मग उरलेली अर्धी कुठे जायची?"