जिंकू देणारा गेम

"हा घ्या की, ताई. यात कुणीबी जिंकतंय," दुकानदार यशपाल इंद्रायणीला म्हणाला आणि त्याने कंट्रोलर वेणीमाधवांच्या हातात दिला.

गेमच्या त्या लहानशा दुकानात वेणीमाधव प्लास्टिकच्या खुर्चीवर, परक्या घरी बसावं तसे टोकाला टेकले होते. पडद्यावर दोन गडी मुठी वळून समोरासमोर उभे होते. इंद्रायणी वडिलांच्या पाठीशी उभी राहिली. उद्या ती पुण्याला परतणार होती. मग घरात बाबा एकटे.

आई गेल्यापासून ते सगळ्याला 'बरं' म्हणत होते. जेवता का? बरं. पडता का जरा? बरं. आज सकाळी तिच्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं. बाबांनी कप रिकामा केला आणि म्हणाले, "छान झालाय." तिने स्वतःचा घोट घेतला तेव्हा तिला कळलं. चहा पांचट झाला म्हणून या माणसाने आयुष्यभर आईशी रोज वाद घातला होता, आणि आईनेही एक दिवस ऐकून घेतलं नव्हतं. आता मात्र वर्षश्राद्ध होईपर्यंत त्यांना कुणी उलट बोलायचं नाही, असं आत्याने तेराव्यालाच बजावलं होतं. सगळे तसंच वागत होते. तीही.

गेमची कल्पना तिच्या भावाची, सुबोधची. त्याचं जुनं यंत्र घरात टीव्हीखाली पडून होतंच. "मारामारीचा आण," तो फोनवर म्हणाला होता, "डाव पटकन आटोपतो. संध्याकाळी मी इथून ऑनलाइन खेळत जाईन त्यांच्याशी. हरत जाईन, तेवढंच त्यांना बरं वाटेल."

वेणीमाधवांनी एक बटण दाबलं. त्यांच्या गड्याने गिरकी घेतली, लाथ मारली, समोरच्याला उचलून आपटलं. पडद्यावर फटाके उडाले. त्यांनी पुन्हा तेच बटण दाबलं. पुन्हा फटाके.

"मी तर काहीच केलं नाही," ते म्हणाले.

"नव्या माणसाचा गेम असाच असतोय, काका. आधी हुरूप यावा लागतो."

"बरं."

इंद्रायणीने यशपालकडे पाहिलं.

"मधला दाखवू का?" यशपालने दुसरा गेम लावला. "यात नुसतं मारून भागत न्हाय. समोरच्याचा वार अडवायला शिकावं लागतंय. जरा चुकलात तर सांभाळून घेतो तो."

"सांभाळून घेतो," वेणीमाधव म्हणाले. त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि मागच्या फळीकडे बोट केलं. "आणि तो?"

"तो नको, काका. तो मुरलेल्या लोकांचा. लई निर्दयी हाय. चांगली चांगली पोरं कंट्रोलर आपटून जातात."

"नको बाबा, तुमचं बीपी..." इंद्रायणी घाईने म्हणाली.

"लाव रे."

यंत्राने समोर काठीवाली एक बाई उभी केली. वेणीमाधवांचा अंगठा बटणापर्यंत पोचायच्या आत त्यांचा गडी आडवा झाला. पुन्हा उठला, पुन्हा आडवा. ते अडवायला जात तोवर काठी दुसऱ्या बाजूने येई. त्यांच्या कपाळावर घाम आला, मानेची शीर वर आली. इंद्रायणीने यशपालला डोळ्यांनी खुणावलं, बंद करा. इथेच काही झालं तर कोणता दवाखाना जवळ पडेल, याचा ती विचार करू लागली.

"अगं, जरा ऐकून तरी घेशील की नाही," वेणीमाधव पडद्याला म्हणाले.

इंद्रायणी जागीच थबकली. आई गेल्यापासून हा आवाज तिने ऐकला नव्हता. तो बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या दिशेने जायचा.

यशपालने तिची खूण पाहिली होती. गिऱ्हाइकाचं मन राखायची त्याचीही एक रीत होती. त्याने टेबलाखालून दुसरा कंट्रोलर काढला आणि हळूच गेमचा अवघडपणा कमी केला. पुढच्या डावात काठीवाली अडखळली, उगाच दोन पावलं मागे सरली. वेणीमाधव जिंकले.

"भारी, काका."

"कमी केलंस ना?"

यशपाल ओशाळून हसला. "उगं जरासं."

"होतं तसं कर." मग ते मान न वळवता म्हणाले, "इंद्रायणी, तू घे तो दुसरा. आपण दोघं खेळू."

"मला येत नाही, बाबा."

"मला तरी कुठं येतंय?"

यशपालने तिला स्टूल दिलं. ती बसली. काठीवाली बाई आता तिच्या हातात होती. वेणीमाधवांचा गडी चाचपडत पुढे आला. तिने काठी उगारायचं बटण शोधलं. ते सापडलं, पण तिने ते सोडून शेजारचं दाबलं. बाई मागे सरली. तिने पुन्हा तेच केलं.

वेणीमाधवांनी हात थांबवले. पडद्यावरचा त्यांचा गडी नुसता उभा राहिला.

"तुझी आई गेली," ते म्हणाले. "मी नाही."

यशपाल उगाचच फळीवरची खोकी नीट लावू लागला. इंद्रायणीला पडदा धूसर दिसत होता. डोळे न पुसताच तिने अंगठा काठीच्या बटणावर ठेवला आणि सगळा जोर लावून दाबला.

गडी धाडकन आडवा झाला.

वेणीमाधवांनी खुर्ची पुढे ओढून घेतली.